पावसाच्या गाण्यांची समिती

पावसात ऐकायची गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं, ते मी चुकीच्या वेळी मान वर केली म्हणून. आमच्या बाजारगल्लीच्या सभेत मतदान वगैरे होत नाही. एखादं काम निघालं की अध्यक्ष 'हे कोण बरं करेल?' असं हवेला विचारतात आणि सगळी सभा खाली मान घालून आपापल्या चहाच्या कपात बघत बसते. ज्याची मान आधी वर होईल त्याने काम आनंदाने स्वीकारलं असं धरलं जातं आणि टाळ्या वाजतात. त्या दिवशी मी टेबलाखाली पुस्तक वाचत होतो. प्रकरण संपलं म्हणून मान वर केली, तर टाळ्या. मीही दोन वाजवल्या. कोणाचं तरी अभिनंदन चाललंय असं मला वाटलं.

खरं तर मी दुकानदार नाही. नगर वाचनालयात कारकून होतो, आता निवृत्त आहे. आमचं घर गल्लीच्या टोकाला आहे, पण गल्लीवरच्या छपराची शेवटची पन्हाळ आमच्या दारावर येते, म्हणून मला सभेला बसावं लागतं. सगळे मला मास्तर म्हणतात. मी आयुष्यात कोणालाही काही शिकवलेलं नाही. पण पुस्तकांच्या वजनाने ज्याच्या घराची जमीन खचली त्याला दुसरं काय म्हणायचं, असं कुवाबारा विचारतात. कुवाबारा म्हणजे आमचे अध्यक्ष. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे आणि बोलणंही तसंच, मऊ. माणूस कधी आडवा होतो ते कळत नाही.

आमचं गाव जपानच्या होकुरिकु किनाऱ्यावर आहे आणि इथल्या माणसाचं अर्धं आयुष्य छत्री वाळवण्यात जातं. गल्लीला पूर्ण छप्पर असल्यामुळे आत बसलेल्या दुकानदाराला बाहेर पाऊस सुरू झाला हे कळत नाही. ते कळावं म्हणून चहापत्तीच्या दुकानाच्या माडीवरून तोमिएबाई पावसाचं गाणं लावतात. ते कर्ण्यांतून ऐकू आलं की दुकानदार छत्र्यांचे स्टँड दाराशी काढतात, ओल्या छत्र्यांवर चढवायच्या लांब पिशव्या टांगतात आणि गिऱ्हाइकाच्या सामानावर प्लॅस्टिक घालायला लागतात. मोठमोठ्या शहरांतल्या दुकानांचीही हीच पद्धत आहे. फरक इतकाच की आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच गाणं होतं आणि त्याची टेप इतकी ताणली गेली होती की गायिकेचा आवाज आता तिच्या वडिलांसारखा येत होता.

सभेत विषय निघाला तो या टेपचा. कुवाबारा म्हणाले, एक कंपनी तारेवरून तयार संगीत पुरवते. पाऊस आला की यंत्राला आपोआप कळतं, गाणं आपोआप लागतं. बंद व्हायची वेळ झाली की तीही घोषणा यंत्रच करतं. "तोमिएबाईंनाही आराम मिळेल," ते म्हणाले.

तोमिएबाई शेवटच्या खुर्चीवर होत्या. त्यांचा आवाज अख्ख्या गावाला पाठ आहे. हरवलेली मुलं, आज आलेले ताजे बांगडे, सार्वजनिक स्नानगृहात सापडलेली कवळी, सगळं त्या एकाच मायेने सांगतात. पण सभेत त्यांना बोलताना कोणीच ऐकलेलं नव्हतं. आरामाचं ऐकून त्यांनी हातातला रुमाल अर्धा घडी केला, मग पाव, मग तो दिसेनासा झाला.

शेवटी ठरलं ते असं. बाईंना पावसाळा संपेपर्यंत मुदत. नवी गाणी लावायची. पावसाच्या दिवशी गिऱ्हाइकं वाढली तर बाई राहतील, नाही तर तारेवरचं संगीत येईल. गिऱ्हाइकं मोजायची कशी, तर छत्रीच्या पिशव्या किती संपतात त्यावरून. आता नवी गाणी कोण बरं निवडेल? आणि इथे माझं प्रकरण संपलं.

घरी येऊन बायकोला, मित्सुएला, सांगितलं. ती मँडोलिनच्या तारा पुसत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोणी निवडायची?"

"मी."

"अहो, स्वतःच्या लग्नात एक गाणं म्हणा म्हटलं तर तुम्ही मोरीत जाऊन बसला होतात."

मी म्हटलं, म्हणायची नाहीत, नुसती निवडायची आहेत. त्यावर ती म्हणाली, मग तर कठीणच आहे, तुम्हाला साधा पापलेट निवडता येत नाही. हे मला लागलं. पण मासा आणि संगीत यांतला फरक मी तिला समजावून सांगू शकलो नाही, कारण पापलेट खरोखरच शिळा होता.

मी पुढचे काही दिवस घरात बसून जुनी लोकप्रिय गाणी ऐकली. वाचनालयाने टाकून दिलेल्या कॅसेटींची दोन खोकी माझ्याकडे होती. एवढ्या वर्षांत मला वाटत आलं होतं की आपली जपानी पावसाची गाणी पावसाविषयी असतात. ती तशी नसतात. त्यांत कोणीतरी स्टेशनावर उभं असतं, कोणीतरी टेलिफोनच्या काचेच्या खोक्यात असतं, आणि दोघांपैकी एकाकडे छत्री नसते. मोटारीची काच पुसणारा दांडा हलत राहतो, ओल्या रस्त्यावर सिग्नलचा हिरवा रंग सांडतो, आणि दोन्ही वेळा गाडी पुढे जात नाही. वाद्यं मात्र गंमत करत असतात. खालून बास गिटार असं मजेत चालतं की दुःख करणाऱ्या बाईचा एक पाय नक्की ताल धरत असणार. पावसात ऐकायला हेच बरं. पूर्ण दुःखी गाणं पावसात ऐकवत नाही आणि पूर्ण आनंदी गाणं पावसात खरं वाटत नाही. हा माझा सिद्धांत मी मित्सुएला ऐकवला. ती म्हणाली, इतकं कळतं तर पापलेट कसा कळला नाही.

त्यांतलं एक गाणं मला फारच आवडलं. एक मुलगी पावसात बसची वाट बघते. बस येते. ती चढत नाही. इतकंच. तेवढ्यासाठी साडेचार मिनिटं आणि सॅक्सोफोन. मी ते यादीत पहिलं लिहिलं.

मग मी एक चूक केली. यादी सूचनाफलकावर लावली. आमच्याकडे कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. लोक घरी येतात, दारात उभे राहतात, हवेविषयी बोलतात, आणि जाता जाता सांगतात की त्यांना स्वतःला काही वाटत नाही, पण इतरांना वाटू शकेल. पहिल्या आल्या सुगिमोरीबाई. त्यांचं लग्नाचे पोशाख भाड्याने देण्याचं दुकान आहे. त्यांनी माझ्या दारातल्या कुंडीची बरीच स्तुती केली आणि मग सांगितलं की नवरी पोशाखाचं माप देत असताना कर्ण्यातून निरोप, ताटातूट, परत जाणं असले शब्द आले तर घरच्यांच्या जिवाला काय वाटेल. लग्नात हे शब्द चालत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. मी माफी मागितली आणि अर्धी यादी खोडली.

दुसऱ्या दिवशी शिकवणी वर्गाचे इवाशितासर आले. परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या कानावर 'पडणं' आणि 'घसरणं' हे नापासाचे शब्द जाऊ नयेत, एवढीच त्यांची विनंती. मी म्हटलं, सर, पावसाची गाणी आहेत, थेंब कुठेतरी पडणारच. त्यांनी विचार केला. म्हणाले, थेंब हवेत राहिला तर? छत्रीवाल्याला वाटलं, एका छत्रीखाली दोघं चाललेले दाखवणारी गाणी नकोत, कारण त्यात एक छत्री कमी खपते. चपलांच्या दुकानदाराला अनवाणी चालणाऱ्या बायका नको होत्या. आणि कुवाबारांनी रस्त्यात थांबवून, माझ्या तब्येतीची चौकशी करून, हळूच सांगितलं की दमट हा शब्द आला नाही तर गादीच्या धंद्याला बरं.

बसच्या मुलीच्या गाण्यात हे सगळंच होतं. ती निरोप घेते, थेंब पडतो, पाय घसरतो, कोणाच्या तरी छत्रीत दोघं उभी राहतात, चपला हातात असतात आणि खोलीतली गादी दमट असते. एका कवीने आमची संपूर्ण बाजारगल्ली दुखवली होती.

शब्द खोडता खोडता माझ्याकडे एका गाण्यातलं 'ला ला ला' तेवढं उरलं.

हे चालू असतानाच मला नगर कचेरीत जावं लागलं, कारण कर्ण्यावरचा आवाज बदलायचा तर कळवावं लागतं. ध्वनीच्या खिडकीवर एक अतिशय सभ्य तरुण बसला होता. त्याने माझं बोलणं उभं राहून ऐकलं, चार वेळा वाकला आणि सांगितलं की गाणं ध्वनीत येतं, पण पावसाची सूचना आपत्ती विभागात येते. आपत्ती विभाग वरच्या मजल्यावर. तिथे त्याहूनही सभ्य गृहस्थ होते. अर्जावरचं माझं नाव वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"नेमोतोसान, किती पाऊस झाला की गाणं लागणार?"

मी म्हटलं, तोमिएबाई खिडकीतून हात बाहेर काढतात. ओला झाला की लावतात.

"कोणता हात?"

मला आठवेना. ते म्हणाले, काही हरकत नाही, घाई नाही, पण नमूद करावं लागेल. शिवाय बाई रजेवर असतील त्या दिवशी पर्यायी हात कोणाचा, हेही. मी पुन्हा तोमिएबाईंकडे गेलो आणि जिना चढून, धाप लागलेल्या अवस्थेत, एका परस्त्रीला तिच्या हाताविषयी विचारलं. त्या लाजल्या. मी त्यांच्यापेक्षा जास्त लाजलो. उजवा, त्या म्हणाल्या. पर्यायी हात म्हणून मी माझा दिला. अशा तऱ्हेने माझा उजवा हात आज आमच्या नगराचं एक मान्यताप्राप्त उपकरण आहे.

परवानगी मिळाली, पण गाणं नव्हतं. 'ला ला ला' किती वेळ लावणार? तेव्हा मित्सुए म्हणाली, शब्द नकोत ना, मग आम्ही वाजवतो की. तिचं बायकांचं मँडोलिन मंडळ आहे. मला धोका दिसायला हवा होता. ते मंडळ मुळात एका नृत्यवर्गाला साथ करायला निघालेलं. वर्ग बंद पडला, पण मंडळाला तीन मात्रांचा तो डोलणारा ताल सोडून दुसरा वाजवता येत नाही. प्रार्थना, कूच, राष्ट्रगीत, सगळं ते डोलत वाजवतात. पण ज्या बायकोने आपण होऊन मदत देऊ केली तिला ताल बदल म्हणून सांगणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही. त्यांनी बसच्या मुलीचंच गाणं बसवलं, शब्दांवाचून, संथ, गोड, डोलतं. इवाशितासरांनी ऐकलं, सुगिमोरीबाईंनी ऐकलं, कुवाबारांनी ऐकलं. कोणालाच काही खुपलं नाही. मला मात्र ऐकताना उगीचच टोपी शोधावीशी वाटत होती. मनात शंका आली की मी ती गिळतो, अशी माझी सवय आहे.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास तोमिएबाईंचा उजवा हात ओला झाला.

मी टोफूच्या दुकानात होतो. कर्ण्यातून मँडोलिनं डोलायला लागली आणि माझ्यासमोरच्या आजींनी हातातला टोफू परत पाण्यात सोडला, दुकानदाराला लवून नमस्कार केला आणि त्या चालू लागल्या. मला वाटलं त्यांना काहीतरी आठवलं असेल. मग शेजारच्या भाजीवाल्याकडचे सगळे लोक मुळे खाली ठेवून निघाले. सोबाच्या दुकानात माणसं उरलेल्या शेवया न चावता गिळून, वाडग्याला हात जोडून बाहेर पडत होती. न्हाव्याकडून एक गृहस्थ गळ्यातल्या चादरीसकट, एका गालावर फेस घेऊन बाहेर आले आणि 'उशीर झाला, माफ करा' असं पुटपुटत गेले. कोणी धावलं नाही, ओरडलं नाही. सगळे शांतपणे, एकमेकांना पुढे जाऊ देत, घरी निघाले होते.

आणि मग मला कळलं. दुकानं बंद व्हायच्या वेळी देशभर जी धून लागते, तीही अशीच तीन मात्रांत डोलणारी, संथ, गोड आणि शब्दांवाचून. ती कानावर आली की आमची माणसं विचार करत नाहीत. पाय दाराकडे वळतात. मी हे समजून उभा होतो तोवर टोफूवाल्यानेच हात वर करून शटर अर्ध्यापर्यंत ओढलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, आज दिवस कसा गेला कळलंच नाही." सगळ्या गल्लीभर शटरं खाली येत होती.

तरीही परिस्थिती सावरता आली असती. धून संपली. मला वाटलं, आता लोक भानावर येतील. पण तोमिएबाईंनीही ती धून ऐकलेली होती, आणि त्यांचं तोंड त्यांच्या पायांपेक्षा जास्त वर्षं सवयीचं. कर्ण्यातून त्यांचा तो ओळखीचा मायाळू आवाज आला. "आज आमच्याकडे आलात, मनापासून आभारी आहोत. घरी जाताना सांभाळून जा. पुन्हा अवश्य या."

जे थोडे घुटमळत होते तेही गेले. सव्वाअकराला आमच्या बाजारगल्लीत मी, मांजर आणि ओल्या छत्र्यांचे रिकामे स्टँड एवढेच उरलो.

कुवाबारा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, पाऊस चांगला लागलाय, भाताला बरा. मग, ही वाद्यं कोणी बसवली, असं विचारलं. मी म्हटलं, मीच. जाता जाता म्हणाले, तारेच्या कंपनीचा माणूस सोमवारी येतोय, नुसतं बघायला.

तोमिएबाईंना तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. पण जिन्याशी गेलो तर त्या खाली उतरत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच माझी माफी मागितली. मी त्यांची मागितली. त्यांनी पुन्हा मागितली. जिना अरुंद, त्यामुळे वाकताना डोकी आपटली आणि मग तिसऱ्यांदा मागावी लागली. "माझ्या तोंडातून आपोआप निघालं हो," त्या म्हणाल्या. "मग यंत्रात आणि माझ्यात फरक काय राहिला?" याचं उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं, पण तोवर त्या घरी गेल्या होत्या.

मित्सुए घरी होती. मँडोलिन पेटीत होतं. मी तिला म्हटलं, तुमच्या मंडळाचा काही दोष नाही. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. उद्या मिठाई घ्या आणि दुकानोदुकानी माफी मागायला चला. आणि बोलायचं काम माझ्यावर सोडा, नाही तर तुम्ही त्यांना सिद्धांत सांगाल."

शुक्रवारीही पाऊस होता. पाऊस नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. आम्ही गल्लीतल्या मिठाईवाल्याकडे लाल चवळीच्या सारणाच्या वड्यांचे डबे घ्यायला गेलो, तर दाराबाहेर रांग. रांगेत टोफूच्या आजी होत्या. काल भर गिऱ्हाइकीत टोफू पाण्यात सोडून निघून गेले, टोफूवाल्याला काय वाटलं असेल, म्हणून त्या माफीचा डबा घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या पुढे सोबा न चावता गिळून गेलेले दोघं. त्यांच्या पुढे न्हाव्याची चादर धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून आणलेले ते एका गालाचे गृहस्थ. दुसरा गाल त्यांनी घरी केला होता आणि त्याबद्दलही त्यांना माफी मागायची होती.

दुकानदारांचं त्याहून अवघड झालं होतं. गिऱ्हाईक समोर असताना आपण शटर ओढलं, या विचाराने त्यांना झोप लागली नव्हती. आता गिऱ्हाईकच डबा घेऊन दारात उभं! ज्याने काही दिलं त्याला परत काही दिल्याशिवाय आमच्याकडे राहता येत नाही. न्हाव्याने चादरवाल्यांना देण्यासाठी चहापत्ती घेतली. टोफूवाल्याने आजींसाठी रुमालांची जोडी घेतली. आजींना वाटलं, एका टोफूला दोन रुमाल फार झाले, म्हणून त्या शनिवारी पावसात पुन्हा आल्या, लोणच्याची बरणी घेऊन. भाजीवाल्याने सोबावाल्याची माफी मागितली, कारण भाजीवाल्याचं शटर पडलेलं बघून सोबाचं गिऱ्हाईक उठलं असेल. छत्रीवाला चपलांच्या दुकानात गेला. का गेला ते दोघांनाही नीट सांगता आलं नाही, पण रिकाम्या हाताने गेला नाही.

मी आणि मित्सुए प्रत्येक दुकानात गेलो. मित्सुए बोलायची, मी वाकायचो. प्रत्येकाने आमची माफी इतक्या अगत्याने नाकारली की पुढच्या आठवड्यात आमच्या घरात डबे ठेवायला जागा उरली नाही. काही डबे मी ओळखले. ते आम्हीच दिलेले होते, मधल्या काळात गावात फिरून आले होते.

पाऊस काही थांबला नाही. सोमवारी तारेच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा गल्लीत छत्रीला छत्री लागत होती. त्याने यंत्र बसवायची जागा बघायला शिडी लावली, पण माफी मागणाऱ्यांच्या गर्दीत त्याला शिडीवर चढता येईना. शेवटी कोणाचा तरी धक्का लागला, धक्का देणाऱ्याने त्याला मिठाईचा डबा दिला, आणि तो गोंधळून डबा घेऊन ओसाकाला परत गेला. त्यानंतर दोन दिवसांनी कुवाबारा माझ्या दारात आले. दारातल्या कुंडीची स्तुती करून म्हणाले, मास्तर, तुमच्याकडे छत्रीच्या पिशव्या आहेत का, सगळ्या गल्लीतल्या संपल्या.

पावसाळ्याच्या शेवटी सभा भरली. कुवाबारांनी उभं राहून जाहीर केलं की पिशव्यांचा खप कधी नव्हे इतका झाला, सबब नव्या गाण्याचा प्रयोग यशस्वी झाला, आणि तोमिएबाई राहतील. टाळ्या झाल्या. मीही वाजवत होतो. पण एवढ्या मोठ्या असत्यावर तोमिएबाईंना बसवायचं मला जड वाटलं. मी उभा राहिलो.

"लोक गाणं ऐकायला आले नव्हते," मी म्हटलं. "माफी मागायला आले होते."

मित्सुएने माझा कोट खालून ओढला. तोमिएबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मला वाटलं, झालं, सावरलेलं मीच पुन्हा पाडलं.

कुवाबारांनी मान एका बाजूला कलती केली. "मास्तर, गाणं लागलं नसतं तर ते माफी मागायला आले असते का?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "नसते आले."

"मग झालं तर," कुवाबारा म्हणाले आणि खाली बसले.

आता प्रश्न उरला पुढचं गाणं कोणतं. मँडोलिनची धून पुन्हा लावायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं, मित्सुएचंही. मग सुगिमोरीबाईंनी सांगितलं की त्यांना स्वतःला काही वाटत नाही, पण. इवाशितासरांनाही तसंच वाटत होतं. छत्रीवाल्याने घसा खाकरला. मला पुढचा पूर्ण पावसाळा डोळ्यांसमोर दिसायला लागला.

तेव्हा शेवटच्या खुर्चीवरून तोमिएबाई बोलल्या. कर्ण्यावाचून त्यांचा आवाज लहान होता, सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"मला शब्द असलेलं गाणं हवंय," त्या म्हणाल्या. "शब्द काढून टाकले की लोक कुठलीही धून कुठलीही समजतात. मीसुद्धा समजले." मग मला विचारलं, "मास्तर, यादीत पहिलं कोणतं होतं?"

मी सांगितलं. त्या उठल्या, सभेच्या खोलीची खिडकी उघडली, उजवा हात बाहेर काढला. तो ओला झाला. रुमालाला पुसत त्या चहापत्तीच्या दुकानाकडे निघून गेल्या आणि आम्ही सगळे त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसलो.

थोड्या वेळाने कर्ण्यातून बास गिटार मजेत चालत आलं. मग ती मुलगी गायला लागली. तिने निरोप घेतला तेव्हा मी सुगिमोरीबाईंकडे बघायचं टाळलं. थेंब पडला, पाय घसरला, इवाशितासरांनी चष्मा काढून पुसला. एका छत्रीत दोघं उभी राहिली, चपला हातात आल्या. गादी दमट झाली तेव्हा कुवाबारा किंचित हलले, पण गादीवाल्याचा सगळा व्यवसायच आरामाचा. ते पुन्हा मागे टेकले. मधल्या सॅक्सोफोनला मी धीर करून वर पाहिलं तर सुगिमोरीबाईंचे ओठ हलत होते. त्यांना सगळं गाणं पाठ होतं. छत्रीवाल्यालाही होतं. न्हावी तर दुसऱ्या स्वरात गुणगुणत होता. बस आली, थांबली, गेली. मुलगी चढली नाही.

गाणं संपलं. मग तोमिएबाई. या वेळी त्या शब्द शोधत होत्या, हे स्पष्ट कळत होतं. मध्ये त्या अडखळल्या, जे यंत्र कधी करत नाही.

"बाहेर पाऊस आहे," त्या म्हणाल्या. "दुकानं उघडी आहेत. आत्ताच्या गाण्यात ती मुलगी निरोप घेते, पण... पण ते फक्त गाण्यात आहे. कृपया इतक्यात कोणीही घरी जाऊ नये."

सभा संपली होती. स्वयंपाकाची वेळ झाली होती, मित्सुएने पिशवी हातात घेतली होती आणि इवाशितासरांचा वर्ग भरायचा होता. पण बाईंनी इतक्या अदबीने विनंती केल्यावर उठायचं कोणी? आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. मग कुवाबारांनी कोणाला तरी आणखी चहा टाकायला सांगितला.